संस्थान विसर्जित करणारा संन्यासी : स्वामी रामानंदतीर्थ

(श्रींच्या वार्षिक उत्सवानिमित्त अग्रशाळेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या व्याख्यानमालेत उभे राहण्याचा मान समितीने मला दिला, याबद्दल मी प्रथम तिचे आभार मानतो. मी विद्वान नव्हे. आयुष्यभर सरकारी कचेरीत बसून इतरांच्या अर्जांवर टिपणे लिहिली. इतिहासाविषयीचा माझा अधिकार एवढाच, की जुने कागद चाळण्याची खोड निवृत्तीनंतरही सुटली नाही. "आपण नेहमी गाणगापूरला जाता, कन्याही त्याच बाजूला दिली आहे, तेव्हा त्या मुलखाचे काही सांगा," असे समितीच्या चिटणिसांनी सुचविले. त्यांच्या मनात दत्तक्षेत्रांचे वर्णन असावे. परंतु मी त्यांची परवानगी घेऊन एका संन्याशाचे चरित्र निवडले आहे. या संन्याशाने मठ बांधला नाही, गादी स्थापिली नाही. एक संपूर्ण संस्थान मात्र त्याने भारतात विलीन करविले आणि पुढे तेच संस्थान मोडावे म्हणून तितक्याच निष्ठेने झटला.

बिदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, ही नावे ऐकून आपल्यापैकी अनेकांना तो मुलूख फार दूरचा वाटेल. लिसेवच्या बाकांवर आम्हांला आफोंसो द आल्बुकेर्क १५१० साली गोव्यात कसा शिरला हे तारीखवार शिकविले गेले. पण त्याच्या ३८ वर्षे आधी, १४७२ साली, बिदरच्या बहमनी दरबाराचा वजीर महमूद गवान याने विजयनगरकडून गोवा घेतला होता, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. त्या वजिराने त्याच सुमारास बिदरला बांधलेल्या मदरशाची भग्न इमारत आजही उभी आहे. तिच्या भिंतीवरील निळे कौलकाम पाहताना मला आपल्या जुन्या गोव्यातील आझुलेजूंची आठवण झाली. तात्पर्य, आपला आणि त्या पठाराचा संबंध घाटाइतका जुना आहे. दुसरा एक संबंध फार अलीकडचा आहे, तो ओघात सांगेन.

स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे. सिंदगी तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे इंग्रजी अमलात होती. निजामाची हद्द तेथून जवळच. गाव कानडी मुलखातले, घराणे मराठी, आणि आयुष्याचे कार्य झाले ते उर्दूत कारभार चालणाऱ्या राज्यात. या तीन गोष्टी ध्यानी ठेवल्या म्हणजे पुढचे पुष्कळसे उलगडते. शिक्षण सोलापुरात झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक निवर्तले, तेव्हा सतरा वर्षेही पुरी न झालेल्या या मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्य करण्याचा संकल्प सोडला. त्या दिवशी महाराष्ट्रात असे संकल्प पुष्कळांनी सोडले असतील; पाळले किती जणांनी, तो प्रश्न निराळा. पुढे अमळनेरचे राष्ट्रीय महाविद्यालय, पुण्याचे टिळक विद्यापीठ आणि नंतर कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्या हाताखाली कामगार चळवळीचे शिक्षण, अशी त्यांची वाटचाल झाली. अतिश्रमाने शरीर मोडले; दीर्घ आजार भोगावा लागला. त्यातून उठल्यावर ते निजामी हद्दीतील हिप्परगा या आडगावच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून दाखल झाले. तेथेच १९३० च्या जानेवारीत त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेशाचे रामानंदतीर्थ झाले.

येथे क्षणभर थांबतो. संन्यासी झाल्यावर माणूस शाळा, परीक्षा, फी, हजेरीपट या उपाधी टाकून हिमालयाकडे वळतो, अशी आपली समजूत. हे मात्र भगवी वस्त्रे नेसून पुन्हा त्याच वर्गात शिकवू लागले. १९३५ साली ते सहकाऱ्यांसह मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस आले आणि योगेश्वरी विद्यालयाचा भार त्यांनी उचलला. हैदराबाद संस्थानात त्या काळी शाळा चालविणे हेच मुळात राजकारण होते. राज्य ८२ हजार चौरस मैलांचे, जिल्हे सोळा. त्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी, तीन कानडी. कारभाराची भाषा मात्र उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. खासगी शाळेला सरकारी परवानगी लागे. १९२९ च्या 'गश्ती निशान ५३' या हुकमाने तर कोणत्याही जाहीर सभेस पूर्वपरवानगी सक्तीची केली. गश्ती म्हणजे आपण कचेरीत ज्याला परिपत्रक म्हणतो ते. १९३० च्या 'आक्तु कोलोनियाल' नंतरचा काळ ज्यांनी वाडवडिलांकडून ऐकला आहे, ज्यांच्या घरी लग्नपत्रिकेवरही सेन्सॉरचा शिक्का उमटवून घ्यावा लागे, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. लिस्बन आणि हैदराबाद यांमध्ये समुद्र होते. कारकुनी मात्र एकाच वळणाची होती.

राजकीय कार्य सुरू झाले तेही आडवळणाने. काँग्रेसचे नाव घेता येत नव्हते म्हणून भाषावार परिषदा निघाल्या: तेलंगणात आंध्र महासभा, कानडी भागात कर्नाटक परिषद, मराठवाड्यात महाराष्ट्र परिषद. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, पुढचे लातूरला. स्वामीजी शाळेतून परिषदेत आले आणि मग मागे वळले नाहीत. १९३८ च्या सप्टेंबरात हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली. न जन्मलेल्या मुलाच्या नावाने मृत्यूचा दाखला निघावा, असा हा प्रकार! ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला, त्यात स्वामीजी तुरुंगात गेले. याच काळात आर्य समाजाचाही सत्याग्रह चालला. उदगीरचे श्यामलाल १९३८ च्या डिसेंबरात बिदरच्या तुरुंगात मृत्यू पावले. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यातच होते.

बंदी उठली ती १९४६ च्या जुलैत. आपल्या श्रोत्यांना ही तारीख चटकन लागेल, कारण त्याच्या थोडेसेच आधी, १८ जून १९४६ रोजी, मडगावात डॉक्टर लोहियांची सभा झाली होती. बंदी उठताच काँग्रेसमधील दोन पक्ष उघडे पडले. बुर्गुल रामकृष्ण राव यांच्या भोवतालची मंडळी मवाळ. स्वामीजी आणि गोविंदभाई श्रॉफ यांची मंडळी जहाल. अध्यक्षपदाची निवडणूक अटीतटीची होऊन स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले. संस्थेच्या निवडणुकीत दोनचार मतांनी जिंकणे म्हणजे काय असते, हे महाजन मंडळींना मी काय सांगावे! पण हा निसटता विजय झाला नसता, तर पुढच्या वर्षी हैदराबादच्या काँग्रेसने निजामाशी घटनात्मक तडजोडीची भाषा केली असती, असे माझे प्रामाणिक मत आहे.

१९४७ च्या जूनमध्ये निजामाने जाहीर केले की इंग्रज गेल्यावर आपले राज्य स्वतंत्र राहील. त्याच आठवड्यात स्टेट काँग्रेसचे अधिवेशन हैदराबादेत भरले आणि अध्यक्षपदावरून स्वामीजींनी भारतात विलीन होण्याची मागणी निःसंदिग्धपणे मांडली. ७ ऑगस्ट हा 'भारतात सामील व्हा' दिन म्हणून पाळला गेला. १५ ऑगस्टला हैदराबादेत तिरंगा उभारून स्वामीजी पकडले गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी दिल्ली आणि निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, तेव्हा त्यांची सुटका झाली. दोन महिने होतात न होतात तोच, २६ जानेवारी १९४८ रोजी, पुन्हा अटक. मग ते बाहेर आले ते निजाम शरण आल्यावरच. म्हणजे चळवळीच्या ऐन रणकाळात तिचा सेनापती गजाआड होता. काम चालविले ते सरहद्दीबाहेरच्या शिबिरांनी. सोलापूर, बार्शीपासून थेट कर्नाटकातील मुंडरगी, गजेंद्रगडापर्यंत ही शिबिरे पसरली होती. तेथून तरुण आत शिरत, करोडगिरीची नाकी मोडीत, शिंदीची झाडे तोडीत. झाडे तोडण्याचे कारण ऐकून मला प्रथम नवल वाटले: शिंदीच्या मक्त्यावर राज्याचा अबकारी महसूल उभा होता. वकिलांनी न्यायालये सोडली, पाटील-पटवाऱ्यांनी दप्तरे टाकली. कलबुर्गीच्या बाजूला सरदार शरणगौडा इनामदारांचे नाव आजही आदराने घेतात. 

आता मघाशी म्हटलेला दुसरा संबंध सांगतो. हैदराबाद चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले, समुद्र नव्हता. म्हणून निजामाच्या सल्लागारांची दृष्टी आपल्या मुरगाव बंदराकडे वळली. ते बंदर पोर्तुगालकडून विकत वा भाडेपट्ट्याने मिळावे यासाठी खटपटी झाल्या. त्या सिद्धीस गेल्या नाहीत. तेव्हा शस्त्रे आकाशातून आणण्याचे ठरले. सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक रात्रीच्या अंधारात कराचीहून विमाने भरभरून शस्त्रे आणी आणि ती बिदर व वरंगळच्या धावपट्ट्यांवर उतरवी. आज बिदरची ती धावपट्टी भारतीय वायुदलाच्या ताब्यात आहे. मुरगावचा व्यवहार जमला असता तर आपल्या मुक्तीचा इतिहास कोणत्या वाटेने गेला असता, याचा विचार मी वास्कोच्या धक्क्यावर उभा राहून अनेकदा केला आहे.

रझाकारांविषयी मी थोडक्यातच बोलणार आहे; त्याचे कारण विषय लहान आहे असे नव्हे. कासीम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या निमलष्करी दलाने सरहद्दीवरील गावांना जे भोगावयास लावले, त्याच्या खुणा बिदर जिल्ह्यात जागोजाग आहेत. बसवकल्याणजवळच्या गोरटा गावी १९४८ च्या मे महिन्यात भीषण हत्याकांड झाले. तेथे आता स्मारक उभे राहिले असून त्याचे अनावरण मार्च २०२३ मध्ये झाले. परंतु ही लढाई धर्माधर्मांतील होती असे म्हणणाऱ्यांनी शोएबुल्ला खान हे नाव विसरू नये. 'इमरोज' या उर्दू पत्राचे हे तरुण संपादक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत, म्हणून २२ ऑगस्ट १९४८ रोजी रझाकारांनी त्यांना ठार केले.

१३ सप्टेंबरला भारतीय सैन्य शिरले, १७ ला निजाम शरण आला. स्वामीजी मुक्त झाले. मिरवणुका निघाल्या. येथे बहुतेक चरित्रकार प्रकरण संपवतात आणि पुढील पानावर निवडणुका सुरू होतात. मला तसे करणे जमत नाही. माझे व्याही भालकी तालुक्यातील. सेवानिवृत्त मराठी शिक्षक. एकदा त्यांच्या ओसरीवर मी मोठ्या उत्साहाने १७ सप्टेंबरची गोष्ट काढली. ते बराच वेळ ऐकत राहिले, मग म्हणाले, "व्याहीबुवा, आमचे वडील त्या दिवसाचे पेढे सांगत आणि त्यानंतरच्या पंधरवड्याचे काही सांगत नसत. आम्ही विचारले की उठून गोठ्यात जात." गावाच्या वेशीबाहेरची एक पडकी विहीर त्यांनी मला दाखविली. मी अधिक विचारले नाही.

त्या पंधरवड्यात काय घडले ते पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने लिहून ठेवले आहे. सरकारनेच पाठविलेली ती समिती. तिच्या अहवालाप्रमाणे सर्वांत अधिक पोळलेले जिल्हे चार: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. निरपराध मुसलमान रयत सूडाच्या भक्ष्यस्थानी पडली, आणि मृतांचा समितीचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा आहे. तो अहवाल अनेक दशके प्रकाशात आला नाही. मी कारकून आहे. कागद दडविला म्हणजे घटना दडत नाही, ती फक्त ओसरीवरून गोठ्यात जाते, हे मला ठाऊक आहे. स्वामीजींच्या चळवळीचे ध्येय शुद्ध होते, आणि स्वतः ते द्वेषापासून दूर होते, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. तरी त्यांच्या नावाने १७ सप्टेंबरला होणाऱ्या सभांतून गोरट्याबरोबर या चार जिल्ह्यांचेही स्मरण व्हावयास हवे होते, ते झाले नाही. या व्यासपीठावरून तेवढे बोललो, त्याचा कोणास राग आल्यास क्षमा असावी.

सत्ता आली तेव्हा स्वामीजी सत्तेत नव्हते. प्रथम लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, नंतर वेलोडी, आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले ते जुने प्रतिस्पर्धी बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी त्या निवडणुकीत गुलबर्ग्याहून लोकसभेवर गेले. पक्षांतर्गत तट त्यांना मोडता आले नाहीत. काही जुने सहकारी दुरावले, त्यांत गोविंदभाईंसारखा उजवा हातही होता. चळवळीत माणसे एकत्र राहतात कारण शत्रू एक असतो. तो गेला की ज्याचे त्याचे मत ज्याच्या त्याच्या घरी जाते. विनोबांच्या भूदानासाठी ते खेडोपाडी हिंडले, खादीचे काम केले, नांदेडला शिक्षणसंस्था उभारली. मंत्रिपद त्यांनी कधी भूषविले नाही.

परंतु त्यांच्या आयुष्यातील दुसरे मोठे राजकीय कार्य याच वर्षांत झाले. ते म्हणजे हैदराबाद राज्याचे त्रिभाजन. पंडित नेहरूंना हे राज्य मोडू नये असे वाटे. अनेक भाषांचे लोक एका छपराखाली नांदतात, ते नांदू द्यावेत, ही त्यांची भूमिका. ती क्षुद्र नव्हती. स्वामीजींचे म्हणणे असे, की हे छप्पर लोकांनी बांधलेले नव्हे. एका घराण्याच्या तलवारीने तीन भाषांचे लोक एका खुंट्याला बांधले गेले. मराठी मराठ्यांत जावे, तेलुगू आंध्रात, कानडी कर्नाटकात, तेव्हाच जुन्या राजवटीची मुळे उपटली जातील आणि लोकांना आपल्या भाषेत आपला कारभार करता येईल. ज्या हाताने संस्थान भारताला जोडले, त्याच हाताने ते तोडावयाचे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. मला पूर्वी वाटे. अधिक वाचल्यावर वाटेनाशी झाली. कारण दोन्ही वेळी प्रश्न एकच होता: राज्य कोणासाठी, राजासाठी की रयतेसाठी?

तत्त्व सरळ होते. नकाशा वाकडा होता. सर्वांत वाकडा बिदर जिल्हा. तेथे मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी श्रीमाणिकप्रभूंचे स्थान आहे, तेथे या भाषांतून पदे गाइली जातात; आपल्यातील काही मंडळी तेथे जाऊन आली असतील. अशा जिल्ह्याचे काय करावे? राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात सुचविले, की तेलंगणाचे जे वेगळे हैदराबाद राज्य राहील त्यातच अखंड बिदर जिल्हा ठेवावा. ते मानले गेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेला जोडून मुंबई राज्यात गेले. आज ते लातूर जिल्ह्यात आहेत. जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूर राज्यात राहिले.

व्याह्यांच्या घराची गोष्ट येथे सांगतो. त्यांच्या आत्याचे सासर उदगीरला. ती मुंबई राज्याची झाली. मामा जहिराबादला, ते आंध्राचे. घर भालकीला, ते म्हैसूरचे. तिघांच्या घरांत एका दिवसाच्या बैलगाडीचे अंतर. "दिवाळीला सगळे जमले," व्याही म्हणाले, "तर वडिलांनी पंक्तीत विचारले, तीन राज्यांचे पाहुणे आलेत, कोणाला आधी वाढू? सगळे हसले. आत्या तेवढी हसली नाही." जमिनीचे जुने कागद उर्दूत, नवे कानडीत, आणि घरातील जमाखर्च मराठीत व तोही आजोबांच्या हातचा मोडीत. कागदपत्रे दाखविताना त्यांनी तीन रुमाल सोडले. मी ती हाताळताना, आपल्या देवस्थानाच्या कपाटातील पोर्तुगीज, मराठी आणि इंग्रजी चोपड्या मला दिसू लागल्या.

आणि स्वामीजी? नकाशा बदलला तसा त्यांचा मतदारसंघही बदलला. १९५२ साली गुलबर्ग्याचा खासदार असलेला हा पुरुष १९५७ साली औरंगाबादेतून निवडून गेला. जन्मगाव, पहिला मतदारसंघ आणि गाणगापूरचा संगम हे सगळे त्या रेषेच्या अलीकडे राहिले. कार्याचे फळ पलीकडे. ते संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचे होते आणि मराठवाडा विनाअट महाराष्ट्रात यावा असे मानणाऱ्यांपैकी होते. १ मे १९६० रोजी ते स्वप्न पुरे झाले. भालकी-औरादच्या मराठी माणसापुरते ते पुरे झाले नाही. पुढे १९६६ साली सीमाप्रश्नासाठी आयोग नेमला गेला, न्यायमूर्ती मेहेरचंद महाजन यांचा. (नावावरून गैरसमज नको, आपल्या महाजनकीशी त्याचा संबंध नाही. १९४७ साली काश्मीर भारतात सामील झाले तेव्हा हेच गृहस्थ तेथे पंतप्रधान होते.) त्यांनी १९६७ साली अहवाल दिला, तो महाराष्ट्राने स्वीकारला नाही. महाराष्ट्राचा दावा ८६५ गावांचा. त्यांत बेळगाव-कारवारबरोबर बिदर आणि कलबुर्गीकडचीही गावे आहेत. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. बेळगावची नावे वर्तमानपत्रांत येतात. औरादचे नाव क्वचित. याबद्दल व्याह्यांना मी छेडले. ते म्हणाले, "आम्ही कानडीत अर्ज करतो, मराठीत भांडतो आणि उर्दूत उसासा टाकतो. मुले बंगळूरला नोकरीस. आता आम्हांला हलवू नका, पण आमची मराठी शाळा बंद पडू देऊ नका." हे त्यांचे मत, त्यांच्या धाकट्या बंधूंचे याच्या नेमके उलट आहे, आणि दोघे एकाच वाड्यात राहतात.

'विलीनीकरण' हा शब्द या सभागृहात उच्चारताना मला थोडा संकोच होतो, हे लपवीत नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी आपण सर्वांनी, किंवा आपल्या वाडवडिलांनी, त्यावर मत दिले आहे. संघप्रदेश राहावा म्हणणारे १,७२,१९१. महाराष्ट्रात विलीन व्हावे म्हणणारे १,३८,१७०. फरक ३४,०२१. याच अग्रशाळेत त्या काळी दोन बाजूंच्या मंडळींनी काही दिवस एका पंक्तीस बसणे टाळले होते, असे मी वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. माझे मत कोणत्या पेटीत पडले असते, ते आज सांगून उपयोग नाही. मला तुलना करावयाची आहे ती एवढीच: आपल्याला कौल विचारला गेला, बिदरला विचारला गेला नाही. तेथे आयोग बसला, मंत्री बोलले, रेषा ओढली गेली. स्वामीजींसारखा लोकशाहीचा उपासक तेथे होता. सरहद्दीच्या गावागावांत कौल घ्यावा यासाठी त्यांनी अडून बसावयास हवे होते, असे मला राहून राहून वाटते. कदाचित ते व्यवहार्य नसेल. बैलगाडीच्या चाकोरीप्रमाणे वळणारी सरहद्द कोणते सरकार आखील? तरी वाटते खरे.

१९६० नंतर ते हळूहळू राजकारणातून निवृत्त झाले. १९६७ साली हैदराबादच्या स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी त्यांनी इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांचे देहावसान झाले. बेगमपेठेत त्यांची समाधी आहे. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांना गुरुस्थानी मानीत. १९९४ साली नांदेडला विद्यापीठ झाले त्याला स्वामीजींचे नाव देण्यात आले, आणि त्याची स्थापना १७ सप्टेंबरलाच झाली. महाराष्ट्रात तो दिवस मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून सरकारी इतमामाने साजरा होतो. कर्नाटकातही होतो; त्या विभागाचे हैदराबाद-कर्नाटक हे नाव २०१९ साली बदलून कल्याण-कर्नाटक झाले, आणि त्याआधी घटनेच्या ३७१ (ञ) कलमाने त्या जिल्ह्यांना नोकऱ्या व शिक्षणात राखीव वाटा मिळाला. म्हणजे एकाच दिवशी रेषेच्या दोन्ही बाजूंना एकच झेंडा चढतो, आणि दोन्ही बाजूंचे वक्ते त्याच संन्याशाचे नाव दोन भाषांत घेतात. त्या दिवशी मी एकदा भालकीत होतो. शाळेच्या पटांगणात कानडीतून भाषण चालले होते. मला त्यातले 'रामानंदतीर्थ' एवढेच कळले. शेजारी उभे असलेले व्याही हळू आवाजात मराठीत सांगत होते. भाषण संपल्यावर मुलांना लाडू वाटले. एक लाडू त्यांनी रुमालात बांधून घेतला. कोणासाठी म्हणून विचारले, तर म्हणाले, "उदगीरला आत्येभावाकडे जायचे आहे संध्याकाळी. तिकडे शेव-चिवडा वाटतात, त्याला लाडू आवडतो."

देवळातील नगारा वाजू लागला आहे, आरतीची वेळ झाली.  ज्यांना स्वामीजींचे चरित्र वाचावयाचे असेल त्यांच्यासाठी माझ्याकडील प्रत अग्रशाळेच्या कपाटात ठेवीत आहे. वाचून झाल्यावर कृपया परत ठेवावी.